बारेंट्स दरवर्षी मरतो

टेरस्खेलिंग बेटावर सीब्रेनला सीब्रेन म्हणणारं एकच माणूस होतं, त्याची बायको, आणि तीही गेली. बाकी सगळ्यांचा तो विलेम. धक्क्यावर फेरीबोटीचे दोर बांधताना विलेम, बेकरीत विलेम, दाताच्या डॉक्टरकडेही विलेम. दर उन्हाळ्यात किनाऱ्यावर नाटक व्हायचं आणि त्यात विलेम बारेंट्स सीब्रेनच करायचा. बारेंट्स या बेटाचाच. उत्तरेकडून चीनची वाट शोधायला तीनदा निघाला, बर्फात अडकला, खोपटात हिवाळा काढला आणि परतीच्या वाटेवर होडीत मेला. त्याचं नाव समुद्राला मिळालं, त्याचा जड लोकरी कोट सीब्रेनच्या गळ्यात पडला.

मरून मरून सीब्रेन आता थकला होता. गुडघे कुरकुरायचे, होडीत आडवं झालं की उठवेना. पण बारेंट्स बदलायचा म्हटलं की नाटकाची कमिटी अशी बघायची, जणू हा दीपस्तंभच हलवायला सांगतोय.

त्याला आस उरली होती ती एकाच गोष्टीची. पहिल्या मुलाला बापाच्या वडिलांचं नाव द्यायचं, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, ही तिथली जुनी रीत. लेकीला, निंकेला, दुसरा मुलगा झाला होता. बाळंत होईपर्यंत नाव कुणाला सांगत नाहीत, म्हणून त्यानंही विचारलं नव्हतं.

निंकेनं बाळ झाल्यावर वाटतात तो, निळ्या-पांढऱ्या बडीशेपेच्या गोळ्या पेरलेला टोस्ट त्याच्या हातात दिला आणि हसत म्हणाली, "बाबा, तुमचंच नाव ठेवलंय. विलेम."

टोस्ट हातातच राहिला. दारात जावई वित्से बाळाच्या नावाच्या नोंदणीला निघण्यासाठी बूट चढवत होता.

"माझं नाव सीब्रेन आहे गं," तो म्हणाला.

निंकेचा चेहरा उतरला. मग ती चिडली. शाळेत तिला बारेंट्सची पोर म्हणायचे, तेव्हा बाबांनी एकदा तरी कुणाला टोकलं का? घरी फोन उचलतानासुद्धा "विलेम बोलतोय" कोण म्हणायचं?

खरंच, सीब्रेनच म्हणायचा. रोज कोण कुणाला दुरुस्त करत बसणार, असं करत करत वर्षं गेली होती.

"बोला सासरेबुवा," वित्से दारातून म्हणाला. "ऑफिस बंद होईल. दोन्ही लावू का? विलेम सीब्रेन?"

"नको. एवढ्याशा पोराच्या डोक्यावर अख्खा समुद्र कशाला? नुसतं सीब्रेन लिही."

निंकेनं डोळे पुसले आणि नवऱ्याकडे बघून होकाराची मान हलवली.

"आणि येताना कमिटीला कोट देऊन ये. माझ्या गाडीत आहे."

"मग यंदा मरणार कोण?"

"कुणीच नाही. घरी पोचू दे बिचाऱ्याला एकदा."

वित्से गेला. सीब्रेननं पाळण्यात डोकावून बाळाला नावानं हाक मारली. बायको गेल्यापासून या नावानं कुणी हाक मारली नव्हती; आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला.