राउटरमधली पंगत

“अवो, डाक्टर परत थिजलं! तोंड उघडं हाय, पन आवाज न्हाई!” बायको गोठ्यात माझ्या शेजारून अशी ओरडली की समोरच्या डोंगरानं तेच दोनदा म्हणून दाखवलं.

म्हैस अडली होती. रेडकाचा एक पाय बाहेर, दुसरा आत मुडपलेला. रस्त्यावर दरड आल्यानं जनावरांचे डॉक्टर वेल्ह्यातच अडकलेले. आमच्या पासली गावात एकवेळ देव भेटेल, मोबाईलची रेंज भेटायची नाही. म्हणून डॉक्टर बोलत होते ते घरच्या इंटरनेटवरून, बायकोच्या मोबाईलवर, व्हिडिओ कॉलनं. माझा मोबाईल भाताच्या खाचरात बुडाल्यापासून मुका-बहिरा. बोट फिरवलेलं तेवढं त्याला कळायचं.

“पाय आधी आत ढकला, मग खूर…” एवढं बोलून डॉक्टरांचा पुन्हा फोटो झाला. माझा हात कोपरापर्यंत म्हशीत. आणि तिकडे पडवीत तात्यांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या, टीव्हीवर कुस्त्या अशा लोण्यासारख्या चालल्या होत्या की पैलवानाच्या मिशीतला घाम दिसावा!

तेव्हा उजेड पडला. इंटरनेट आधी कोणाला द्यायचं याचा क्रम राउटरमध्ये लावता येतो, आणि तो मीच लावला होता, पंगतीत वाढतात तसा. पहिला मान तात्यांच्या टीव्हीला, मग मी, मग पोरं. उरलंसुरलं बायकोला.

“तात्यास्नी बंद कराया सांगा की!”

“तात्यास्नी? म्या?”

आमच्या सात पिढ्यांत वडीलधाऱ्यांच्या पुढचं पान कोणी उचललं नव्हतं. त्यापेक्षा मी हात लुंगीला पुसला, माझ्या मुक्या मोबाईलवर राउटरचं सेटिंग उघडलं आणि बायकोला पहिल्या पानावर बसवलं. तर राउटरचे सगळे दिवे विझले! क्रम बदलला की ते खोकं आधी झोपून उठतं, हे कोणाला ठाऊक? दिवे लागेपर्यंत मी म्हातारा झालो, नवसाला देव पुरेनात. म्हैस ओरडायची थांबली. ते जास्त वाईट होतं.

मग मोबाईलवर डॉक्टर परत आले. शब्दन् शब्द स्वच्छ. सांगितलं तसा खूर मुठीत धरून पाय सरळ केला, दोघांनी मिळून ओढलं. म्हैस वाचली. रेडकू बाहेर आलं तेव्हा गरम होतं. बायकोनं नाकात काडी घातली, अंग चोळलं, पुन्हा चोळलं. ते हललं नाही.

मी तसाच पडवीत गेलो.

“तात्या, रेडकू गेलं. तुमचा टीव्ही बंद करा म्हनायला माजी जीभ रेटली न्हाई.”

तात्यांनी डोळे चोळले.

“म्या कुठं बगत हुतो,” ते म्हणाले. “निजलो हुतो.”