बाबांची दाटीवाटीची अक्षरं

मंगळवारी सकाळी कोपरखैरण्याच्या माझ्या दुकानाचं शटर वर केलं, तेव्हाच खरं तर दमले होते... फ्लेक्स डिझाइन करून करून आता कुणाचा हसरा फोटोही बघवत नाही.

त्यात तो मेल. दोन वर्षं जमेल तसा वेळ काढून मी एक फॉन्ट केलाय. माझे बाबा मिठाच्या गोणींवर नाव छापायला पत्र्यातून अक्षरं कापायचे. कात्री पत्र्यात धड गोल वळत नाही, म्हणून सगळी अक्षरं कोनाकोनाची... आणि व्यापाऱ्याचं लांबलचक नाव गोणीवर मावावं म्हणून अरुंद, उंच, एकमेकांना खेटून उभी. त्यांचा ळ म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन चौकोनी डब्या.

फॉन्ट विकणाऱ्या एका कंपनीने मेलमध्ये कळवलं होतं, छान आहे, पण जुनाट वाटतो. हा चौथा नकार. रडूसुद्धा आलं नाही, नुसता चहा मागवला.

तेवढ्यात गावातले काशिनाथकाका आले. धाकट्या मुलीच्या हळदीचा बॅनर करायचा होता. आमच्याकडे त्यावर अख्ख्या भावकीची नावं लागतात. काकांची यादी अठ्ठावन्न नावांची, आणि अट एकच... "कोनाचा नाव बारीक नको. सगल्यांचा यकसारखा."

तीनदा मांडलं. एक तर अक्षर बारीक व्हायचं, नाहीतर शेवटची चार नावं बाहेर. वैतागून म्हटलं, काका, थोडी कमी करा ना.

काकांनी यादी परत हातात घेतली. मग हळूच म्हणाले, "मोठीच्या हल्दीला दादाचाच नाव ऱ्हायला. जागा नव्हती. सात वर्सं झाली, दादा माज्या घरान आला नाय."

मी बाबांची अक्षरं लावून बघितली... आणि अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न नावं बसली. काकांनी स्क्रीनवर बोट फिरवत दादाचं नाव शोधलं, दोनदा वाचलं. इतक्यात छापू नको म्हणाले. साध्या कागदावर प्रिंट मागितली आणि घडी न घालता घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी काकांची स्कूटर थांबली. मागे बसलेले म्हातारे गृहस्थ तोच कागद घेऊन आत आले. नाक अगदी काकांचंच. मनात म्हटलं, झालं, आता हे काहीतरी चूक काढणार.

"पोरी, माजी नात ऱ्हायली. आर्वी. दोन महिन्यांची हाय. बसंल?"

सगळी थोडी थोडी सरकली... आणि बसली.

ते दोघं गेल्यावर मात्र मी दुकानात एकटीच भरपूर रडले. बाबा हवे होते.

थकवा आहे तसाच आहे. कंपनीच्या मेलला अजून उत्तर दिलेलं नाही. पण रविवारी हळदीच्या मांडवात बाबांची अक्षरं लागतील. एकोणसाठ नावं, सगळी एकाच उंचीची... तूर्तास मला एवढं पुरे आहे.