पुलावरची डबी

माझी मुलगी पुण्याला असते आणि तिला एक खेळ लागला आहे. कोणीतरी कुठेतरी बारकीशी डबी लपवतो, मोबाइलवर जागेची खूण टाकतो, आणि चांगली शिकलीसवरली माणसं ती हुडकत फिरतात. सापडली की आतल्या कागदाच्या पट्टीवर सही करायची आणि डबी होती तिथे परत ठेवायची. मी मास्तरकीतून निवृत्त झालेला माणूस. मला नुसतं ऐकूनच चीड आली.

पण प्रश्न माझ्या गाव सोडण्याचा होता. बायको गेल्यापासून मुलीचा एकच धोशा, पुण्याला चला. मी काही हलेना. शेवटी परत जाताना तिने आमच्या वरवट बकाल गावाबाहेरच्या पुलावर एक डबी लपवली आणि अट घातली, "एकट्याने शोधा, कोणाला कळू न देता. सापडली तर राहा इथे. नाहीतर मुकाट्याने चला." वर नवशिक्यासाठी उपदेश: पुलावरची डबी लोहचुंबकाने चिकटवलेली असते, कठड्याच्या पाइपाखाली पाहा, डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवा, आणि हात घालण्याआधी गांधीलमाश्या नाहीत ना ते बघा.

गांधीलमाश्या नव्हत्या. माणसं होती. आमच्याकडे पुलावर वाकलेला माणूस ही सगळ्या गावाची बाब असते. स्कूटर कडेला लावून मी पाइपाखाली हात घालतो न घालतो तोच एक मोटरसायकल थांबली.

"काय हारपलं, मास्तर?"

"किल्ली," मी ठोकून दिलं.

पुढचं काही न विचारता तो गडी कामाला लागला. मग दुसरी गाडी थांबली, मग शेतात निंदणाला निघालेल्या बायकांचा ऑटो. सगळे माना खाली घालून किल्ली शोधत होते, आणि मीही त्यांच्यात शोधल्यासारखं करत होतो. तेवढ्यात एक बाई ओरडली, "अवो मास्तर, किल्ली त गाडीलेच लागून हाये!"

सगळ्यांच्या माना वर आल्या आणि माझ्याकडे वळल्या. बायको गेलेला म्हातारा, एकटाच पुलावर, आणि वर खोटं बोलतोय. मोटरसायकलवाल्याने हळूच माझा दंड धरला. "मास्तर, जिवाले लावून नका घेऊ."

मला असा संताप आला की सांगता सोय नाही. शेवटी खरं काय ते सांगावंच लागलं.

"मंग पह्यलेच काऊन नाही सांगतलं?" म्हणत सगळे दुप्पट जोमाने भिडले. डबी सापडली ती मागून येऊन थांबलेल्या, सायकलवर बांगड्या विकणाऱ्या चाचांना. त्यांनी ती ताबीज समजून आधी डोळ्यांना लावली. "किसी की मन्नत होगी," म्हणाले.

मग सह्या. शोधलं सगळ्यांनी, तर सहीही सगळ्यांची. बायकांनी पट्टीची मागची बाजूसुद्धा भरून टाकली. माझ्या हातात पट्टी आली तेव्हा तिच्यावर टिंब द्यायला जागा नव्हती.

तिथूनच मुलीला पट्टीचा फोटो पाठवला. एकट्याने शोधायची अट तर मोडली होती; मुलीच्या पुण्यातल्या फ्लॅटचं बंद दार डोळ्यांपुढे आलं. फोन वाजला. स्पीकर चालू करावाच लागला, कारण कोणीच घरी जायला तयार नव्हतं.

"बाबा, यात तुमची सही कुठाय?"

"जागा उरली नाही."

"आणि हे सगळे कोण?"

मी तोंड उघडायच्या आत मोटरसायकलवाला फोनात ओरडला, "ताई, आमी हाओत! मास्तरले धरून ठेवलं हाये, पडू नाही देत!"

त्याने माझा दंड अजून सोडला नव्हता.

"हरलात तुम्ही, बाबा," ती म्हणाली. "राहा तिथेच."