हळदीसारखा पुरलेला आयरिस
पोंगलच्या बाजारात पानांसकट ओल्या हळदीच्या जुड्या आल्या, की त्या वासाने मला आमच्या गच्चीवरची एक कुंडी आठवते. घरातली पदवी घेणारी मी पहिलीच. उत्तरेतल्या थंड गावातलं कॉलेज सोडताना माझ्या बाईंनी बुटक्या आयरिसचा एक गड्डा दिला होता. रोप वीतभर, आणि फुलाच्या जांभळ्या पाकळीवर दाढीसारखी केसाळ रेघ. "गड्ड्याची पाठ उघडी राहू दे, तिला ऊन हवं," असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. तंजावूरला परतल्यावर मी तो गच्चीवरच्या कुंडीत तसाच, पाठ उघडी ठेवून लावला आणि पापनाशमच्या शाळेत शिकवायला जाऊ लागले. पंधरा दिवसांत पानं पिवळी पडली. मातीत बोट घातलं, तर गड्डा खोल गेलेला आणि कुजून लगदा झालेला. अम्माने तो हळदीसारखा पुरून रोज दोन वेळा पाणी घातलं होतं. "कुणी सांगितलं होतं हात लावायला?" मी ओरडले. "अगे, उघडाच ठेवलास की! हळदीला कोणी असं ठेवतं?" "ही हळद नाही, अम्मा!" "मला काय कळतं? शिकलेली तू," ती हळूच म्हणाली, "तू दिवसभर नसतेस. म्हटलं, तुझं एवढं तरी सांभाळावं." बाईंची तेवढीच खूण माझ्याजवळ होती. त्या रात्री मी अम्माशी बोलले नाही, तिने वाढलेल्या ताटालाही शिवले नाही. अम्माला जाऊन आता तीन वर्षं झाली. मी शाळेतून परतते, तेव्हा सकाळी ठेवलेली प्रत्येक वस्तू जिथल्या तिथे असते.