शेवंताच्या गाठीचं माप

माधवी साने गाझियाबादहून दिल्लीच्या करोल बागेतल्या एका स्कॅन सेंटरमध्ये एकोणीस वर्षं येतेय. पेशंटला एमआरआयच्या मशीनमध्ये नीट झोपवायचं आणि चित्रं काढायची, हे तिचं काम.

गेल्या मार्चमध्ये शेवंता तिला शोधत आली. कॅन्टोन्मेंटमधल्या सुभेदाराची बायको, मूळची कोरेगावची. स्तनाच्या कॅन्सरसाठी केमोचे तीन डोस झालेले, डोक्यावर केस उरले नव्हते. सेंटरमध्ये मराठी बोलणारी माधवी एकटीच.

"ताई, रिपोर्टात गाठ निम्मी झाली म्हणतायत. पण माझ्या हाताला तेवढीच लागतीय. इथल्या डॉक्टरांना सांगितलं, तर म्हणाले, तुम्हाला काय कळतंय!"

माधवीनं केमोच्या आधीचा आणि तीन डोसांनंतरचा, असे दोन्ही स्कॅन उघडले. दुसऱ्या वेळी शेवंताचा खांदा ठणकत होता, म्हणून ती पालथी पण तिरकी झोपली होती. माधवीनं तशी नोंदही केली होती. रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांनी मात्र दोन्ही स्कॅनमधल्या ओळीनं येणाऱ्या कापांपैकी बाविसाव्या कापाची चित्रं शेजारी ठेवून माप घेतलं होतं. पहिल्यातला काप गाठीच्या मधोमध जात होता, तिरक्या झोपण्यामुळे दुसऱ्यातला नुसता कडेवरून. माधवीनं बरगड्या आणि स्तनाग्र जुळवून एक स्कॅन दुसऱ्यावर बसवला. गाठ तसूभरही कमी झाली नव्हती.

ती तडक त्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली. "सर, मेरा नोट पढ़ा था?"

"इतना टाइम किसके पास है? रिपोर्ट साइन हो चुकी है. आप टेक्नीशियन हैं, अपना काम कीजिए."

माधवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती बाई ज्या औषधानं रोज ओकतेय, ते तिला लागूच पडत नाहीये, आणि यांना स्वतःच्या सहीची पडलीय!

तिनं जुळवलेली चित्रं शेवंताच्या संमतीनं तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना पाठवली आणि सेंटरच्या प्रमुखांनाही. कॅन्सरच्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी शेवंताला बोलावून स्वतः तपासलं. औषध बदललं. दोन महिन्यांनी गाठ खरोखर आक्रसली, मग ऑपरेशनही पार पडलं.

सेंटरनं नवा रिपोर्ट दिला. वर 'सुधारित' एवढा एकच शब्द. माफीचं नावही नाही. माधवीला मात्र मर्यादा ओलांडल्याबद्दल नोटीस आली. पोहोच म्हणून सही करायला सांगितल्यावर तिनं कागद टेबलावर परत सरकवला.

"शेवंताच्या गाठीचं माप तुमच्याकडून चुकलं, ते आधी यात लिहा," ती म्हणाली, "मग करते सही."