मागे नेलेली तारीख

पनवेलच्या तहसील कचेरीसमोर मी गेली अनेक वर्षे अर्ज लिहीत आलो आहे. शिक्षण नववीपर्यंतच झाले. तथापि माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणावरून परत आल्याचे एकही उदाहरण त्या कचेरीत सापडणार नाही, हे मी येथे नमूद करतो. पुढे बरेचसे अर्ज ऑनलाइन भरावे लागू लागले, तेव्हा मी मागे राहिलो नाही. लॅपटॉप आणि प्रिंटर घेतला, इंटरनेटसाठी त्याला खोचायचे डोंगल घेतले आणि टपरीवर तशी पाटी लावली. शेजारी बसणारे एक टंकलेखक, जे तेव्हाही टाइपरायटरवर प्रतिज्ञापत्रे बडवीत असत, ती पाटी पाहून आठवडाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत.

त्यानंतर काही महिन्यांतली गोष्ट. दुपारी तीनच्या सुमारास ओवे गावाहून एक बाई आल्या. एका सरकारी दवाखान्यात परिचर पदाची भरती निघाली होती. अर्ज केवळ ऑनलाइन, आणि मुदत त्याच सायंकाळी पाच वाजता संपत होती. बाईंचे मागचे चार दिवस जातीच्या दाखल्यामागे गेले होते. त्यातच त्या वयाची अट त्याच आठवड्यात ओलांडणार होत्या. म्हणजे ही भरती हुकली, तर पुढची त्यांच्यासाठी नव्हती.

"दादा, पाचच्या आत जाईल ना? आमाला परत संधी नाय."

"माझ्याकडे आलात, आता गेला समजा," मी म्हणालो.

लॅपटॉप उघडला. डोंगलचा दिवा लागलेला होता, पण भरतीचे पान उघडेना. डोंगल काढून दुसऱ्या बाजूला खोचले. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. रेंज कमी असेल म्हणून तो उचलून कचेरीच्या कुंपणापर्यंत नेला. बाई कागदांची पिशवी छातीशी धरून मागोमाग आल्या. पान नाहीच. टपरीवर परत आलो.

"माझ्या मशीनची रेंज कधी गेलेली बघितलीस?" टंकलेखक बसल्या जागेवरून म्हणाले.

"तुमच्या मशीनवरून अर्ज दवाखान्यात जातो का?"

"पोस्टाने जातो."

"पाचच्या आत?"

यावर ते चष्मा पुसू लागले.

मी डोंगलच्या कंपनीला फोन लावला. बऱ्याच संगीतानंतर एक मुलगी बोलली, "सर, आमच्याकडून तुमचं नेट चालू दाखवतंय."

"आपल्याकडे दाखवते, माझ्याकडे चालत नाही, ही तफावत कृपया नोंदवून घ्यावी."

"सर, एकदा रीस्टार्ट करून बघा ना."

चार वाजून गेले. आता पडद्यावर इंग्रजीत एक सूचना येऊ लागली होती. अक्षर अक्षर लावून मी एवढाच अर्थ काढला, की हे कनेक्शन प्रायव्हेट नाही. त्याप्रमाणे मी टंकलेखकांना चार पावले दूर सरकायला सांगितले आणि टपरीचा पडदा ओढून घेतला. सूचना हलली नाही. बाईंकडे पाहण्याचे धैर्य मला उरले नव्हते.

त्या मात्र लॅपटॉपच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे टक लावून बघत होत्या. सकाळपासून त्यांच्या डोक्यात एकच तारीख होती.

"दादा, हितं साल वेगलाच हाय."

मी पाहिले. तेथे सहा वर्षांपूर्वीचे साल होते, आणि ते माझ्याच हातचे होते. सकाळी एका वृद्ध गृहस्थांच्या सहा वर्षांपूर्वीच्या अर्जाची वाळवीने खाल्लेली प्रत मी नव्याने टाइप करून दिली होती. प्रतीवर मूळचीच तारीख हवी होती, पण माझ्या नमुन्यात ती आपोआप आजची पडत असे. ती कशी बदलावी हे न कळल्याने मी लॅपटॉपचीच तारीख मागे नेली, आणि नंतर विसरलो.

तारीख आजची केली. पान पुन्हा मागितले. ते निमूट उघडले.

मी हात मांडीवर ठेवून नुसता बसून राहिलो. आयुष्यभर मी अर्जाखाली तारखा घालत आलो. कोणी म्हणाले, कालची घाला, घातली. कोणी म्हणाले, सोमवारची घाला, तीही घातली. कारकुनाने शिक्का मारला, साहेबांनी सही केली. तारीख खरी का, असे मला कोणी कधी विचारले नाही. आणि भरतीचे पान ज्या यंत्रावर होते, ते कुठल्या मुलखात आहे हेही मला ठाऊक नाही; त्याने नाव विचारले नाही, विषय विचारला नाही. आधी माझी तारीख पाहिली, खोटी आढळली, आणि दाराशीच थांबवले.

झाला प्रकार मी बाईंना खरा सांगितला. त्या रागावतील असे वाटले होते.

"सा वर्सां मागं नेता येतं, तर माजं वय पन न्या की," त्या म्हणाल्या. "मग कशाला एवढी घाई!"

टपरीच्या पडद्यापलीकडे टंकलेखक मोठ्याने हसले.

अर्ज भरू लागलो. बाईंनी जन्मतारीख सांगितली, मी ती घातली, आणि खालच्या चौकटीत त्यांचे वय आपोआप उमटले: वर्षे, महिने आणि दिवस. मी काही मोजले नव्हते. अटीला चार दिवस शिल्लक होते.

बाई पुढे वाकल्या. तो दिवसांचा आकडा त्यांनी बोट लावून वाचला.

"माजे दिस कोनी मोजलं नवतं कदी," त्या हळूच म्हणाल्या. "घरात कोनाला माजी जन्मतारीक म्हाईत नाय."

पाचला अकरा मिनिटे असताना अर्ज गेला. पोचपावती छापून निघाली. सवयीने मी तळाशी तारीख घालण्यासाठी पेन उचलले, तर ती आधीच तेथे होती, तासामिनिटांसह. मी टोपण लावून पेन खिशात ठेवले आणि पावती दोन्ही हातांनी बाईंना दिली.