शिबिरसरांची निवड

समोरच्या पोराला काय शिकायला हवं, हे शिबिरसर त्याच्या गावाचं नाव ऐकूनच ठरवत. डहाणूच्या आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला येणाऱ्यांसाठी वर्ग सुरू होण्याआधी दोन उपक्रम असत: प्रयोगशाळेची ओळख आणि ग्राम-अनुभव शिबिर. दोन्ही एकाच आठवड्यात, त्यामुळे एकच घेता येई. निवड विद्यार्थ्यानं करायची, असं म्हणायची पद्धत होती. प्रत्यक्षात सर टेबलापलीकडून विचारत, "कुठून आलीस?" आणि निवड होऊन जाई. स्टेशनाजवळची, समुद्राकडची मुलं प्रयोगशाळेत. रेल्वे रुळांच्या पूर्वेकडची, पाड्यांवरची झाडून सगळी शिबिरात.

सरांना त्यांच्या खऱ्या नावानं कुणी ओळखत नसे. उन्हाळ्यातही अंगात जाकीट, गळ्यात शिट्टी आणि चेहऱ्यावर जगाचं भलं करून दमल्याचा भाव. एवढा आत्मविश्वास इतक्या थोड्या माहितीवर पोसलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

२०१४ साली मी त्यांच्यासमोर उभी राहिले. आमच्या शाळेतलं सायन्सचं कपाट कधी उघडलंच नव्हतं. माझी थोरली बहीण याच कॉलेजात आली होती. सूक्ष्मदर्शकात कुठून बघायचं ते तिला कळेना, वर्ग फिदीफिदी हसला, आणि दिवाळीला घरी आली ती परत गेलीच नाही. माझंही तेच होणार, अशी भीती होती.

"सायवन? मग शिबिरच!"

"सर, मला प्रॅक्टिकलचं काहीच येत नाही. लॅबमध्ये..."

"लॅब कुठे पळून चाललीय? आधी रुळायला पाहिजे गं. आणि यंदा शिबिर सायवनलाच ठेवलंय. अगदी घरच्यासारखं वाटेल तुला."

घरच्यासारखं! बस थांबली ती आमच्याच पाड्यावर. कॉलेजची टोपी घालून मी उतरले तेव्हा आई अंगण सारवत होती. शेणाचे हात तसेच धरून ती उभी राहिली. "काय गं बाय, कॉलेज आपल्याच पाड्यावर आलं का?"

शिबिरात शहरातलं एकही पोर नव्हतं. आम्ही कासा-सायवनकडची पोरं, आणि आम्हाला खेडं दाखवायला सर. माझ्याच आईच्या जात्यावर काठी टेकवून म्हणाले, "याला जातं म्हणतात." मला हंडा उचलायला सांगितला. मी उचलला, विहिरीवरून भरून आणला. सर हरखले. "वा! पहिल्याच दिवशी जमलं! याला म्हणतात शिबिर!" त्यांनी फोटो काढला. 'पाणी भरणारी ग्रामकन्या' अशा ओळीसह तो लॅबच्या दारावरच्या भिंतीला लागला. पुढे रोज त्या फोटोखालून मी लॅबमध्ये जात असे.

पहिल्याच प्रॅक्टिकलला माझ्या हातून काचपट्टी फुटली. वर्ग हसला. बहिणीला हसला होता तसाच.

एक मात्र खरं, माणूस दुष्ट नव्हता. दुपारचं प्रॅक्टिकल ऐन रंगात आलं की सर दारात येऊन ओरडत, "पूर्वेकडच्यांनो, निघा! कासाची जीप चुकेल!" मग स्वतः रस्त्यात उभं राहून, शिट्टी फुंकून जीप अडवत, आम्हाला जागा मिळवून देत. त्या मायेपायी आमचं निम्मं प्रॅक्टिकल बुडायचं, हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलं नाही.

एकदा मी स्टुलावरून उठलेच नाही. "चुकू दे, सर."

त्यांचा चेहरा पडला. "तुमच्यासाठीच करतो ना मी."

"माहितीय, सर," मी म्हटलं आणि डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी त्या दिवशी मला पहिल्यांदा स्पष्ट दिसल्या. मुक्कामाला मैत्रिणीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेले.

२०१९ साली सर निवृत्त झाले. मी तेव्हा त्याच लॅबमध्ये सहायक होते. निरोप समारंभात माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही सायवनची पोर. शिबिरानं घडवली!" टाळ्या पडल्या. मी भिंतीवरचा तो फोटो काढून, कागदात गुंडाळून त्यांना भेट दिला. त्यांचे डोळे भरून आले. खवचटपणाही या माणसाच्या अंगाला लागत नसे. राग येतो तो अजून याचाच.

त्यांचं निवडीचं टेबल माझ्याकडे आलं. पहिलीच मुलगी खुर्चीत बसायच्या आधी म्हणाली, "मॅडम, मी तलासरीकडची."

"ते नंतर सांग. येत काय नाही तुला?"

ती गोंधळली. मग खाली बघून म्हणाली, "आमच्या शाळेतलं सायन्सचं कपाट कधी उघडलंच नाही, मॅडम."

मी लॅबची किल्ली तिच्या हातात दिली.